दाखला न मागणारं कॉलेज

मी नववीत असताना आई अंथरुणाला खिळली आणि माझी शाळा सुटली. वडिलांनी शाळेत जाऊन दाखला आणला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं होतं, वर्तणुकीपुढे 'चांगली'. दाखला घेतला की पटावरचं नाव जातं आणि ते परत लागत नाही, एवढं तेव्हापासून मनात पक्कं बसलं.

ती समजूत मी टेक्सासपर्यंत घेऊन आले. तिथल्या अर्विंग शहरात आल्यावर पस्तिशीत हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा दिली, मुलगी शाळेत गेली की घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं स्वस्तात शिकवणाऱ्या स्थानिक कॉलेजात, जाऊन शिकले, आणि नर्सिंगच्या ओढीने घाईघाईत मोठ्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेतली. तिथे केमिस्ट्रीचा वर्ग थिएटरएवढा. सर पुढे कुठेतरी बारीकसे दिसायचे. मिडटर्मला नापास झाले आणि घाबरून कोर्स सोडला. केमिस्ट्री पास झाल्याशिवाय नर्सिंगला अर्जच करता येत नाही.

आता काय? तिथेच पुन्हा त्या थिएटरात बसायचं, दुसऱ्या एखाद्या युनिव्हर्सिटीत ऑनलाइन जायचं, की कम्युनिटी कॉलेजात परतायचं?

शेजारच्या नागपूरच्या काकूंनी तिसरा पर्याय ऐकताच हात झटकला. "अगं, दहावीतल्या पोराला कोणी आठवीत बसवतं का? लोक काय म्हणतील?"

मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, नोबडी केअर्स. जस्ट गो आस्क."

मला लोकांची भीती नव्हतीच. परत गेले तर युनिव्हर्सिटीतलं नाव कटेल, आणि कॉलेजातलं तर मी निघाले त्याच दिवशी कटलेलं असणार. म्हणजे मी पुन्हा कुठलीच नाही. आठवडा असाच गेला.

शेवटी कम्युनिटी कॉलेजात गेले. काउन्सेलर माझ्याच वयाची बाई होती. मी आधीच माफी मागून घेतली. म्हटलं, "मी इथून निघून गेले होते. तिकडे जमलं नाही. युनिव्हर्सिटीतून नाव काढल्याचा कागद आणला, तर तुम्ही मला परत घ्याल का?"

तिला कळेचना. "नाव कशाला काढायचं?"

"दोन ठिकाणी कसं असेल नाव?"

"का नसेल?" तिने माझा जुना नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. सगळं होतं. निबंध लिहायला शिकले तो पहिला इंग्रजीचा कोर्स, गणितातली 'बी' ग्रेड, एकदा मुलीला कांजिण्या झाल्या म्हणून अर्धवट सोडलेला इतिहास. मी गेले त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि माझं नाव तिथे जसंच्या तसं.

"केमिस्ट्री इथे करा," ती म्हणाली. "इथलं क्रेडिट तिकडे धरतात का, ते त्यांच्या ॲडव्हायझरकडून लेखी घ्या. मग मार्क पाठवून देऊ. तुम्ही त्यांच्याही आणि आमच्याही."

मी विचारलं, "परत का आले, ते कुठे लिहायचं?"

तिने फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला, खरोखर शोधल्यासारखा. "तसा रकाना नाहीये."

मला रडूच आलं. तिने टिश्यूचा डबा पुढे सरकवला. एका अख्ख्या देशाला माझ्या जाण्यायेण्याचं कारण नको होतं, ही गोष्ट मला अजूनही पूर्ण पचलेली नाही.

ॲडव्हायझरचं उत्तर तीन दिवसांनी आलं: धरतात. मी त्याच दुपारी नाव नोंदवलं.

पहिल्याच लॅबला आम्ही वीस जण होतो. मॅडमनी तारेचं टोक मिठाच्या पाण्यात बुडवून निळ्या ज्योतीत धरायला सांगितलं. ज्योत भक्कन पिवळी झाली. भात उतू जाऊन खारं पाणी बर्नरवर सांडलं की होते, अगदी तश्शी. जन्मभर चुलीपाशी हे पाहत आले आणि कधी कोणाला विचारलं नाही. मी हात वर केला. मॅडम तीन पावलांवर होत्या. त्या माझ्या टेबलापाशी आल्या, शेजारचं स्टूल ओढून बसल्या आणि सोडियमपासून सांगायला लागल्या. पास होईन की नाही, कोण जाणे. पण त्या सांगत असताना मी ज्योतीवरची नजर काढू शकले नाही.