नंदाताईची काळी पाच

नवऱ्याला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही. आणि देवाला — आता इथे तरी खोटं कशाला बोलू — देवाला सांगतानाही मी अर्धंच सांगितलं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जरा धीर होतोय. समोर बसलायत असं समजते आणि सुरुवात करते. मधेच थांबले तर थांबू द्या. तशी मी बडबडी आहे, दादरला ब्लाउज शिवायचं माझं छोटं दुकान आहे, तिथे गिऱ्हाइकं माझ्या तोंडाला कंटाळतात. पण हे एक कधी तोंडातून बाहेर पडलं नाही.

आमच्या ऑर्केस्ट्राला नुकतीच पंचवीस वर्षं झाली. ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका हं. लालबागच्या व्यायामशाळेत रविवारी सकाळी पोरं घाम पुसून गेली की आम्ही मॅट गुंडाळतो आणि वाद्यं मांडतो. अ‍ॅकॉर्डियन, कीबोर्ड, मेंडोलिन, ढोलक, खुळखुळे. कुणी पोस्टात, कुणी शाळेत, कुणी रिटायर. पोट कुणाचंच गाण्यावर नाही. गल्लीत आम्हाला 'रविवारचा दंगा' म्हणतात, आणि गणपती जवळ आले की तेच लोक कार्यक्रमासाठी आमच्या मागे लागतात.

या सगळ्यात नंदाताई. तिच्याबद्दलच सांगायचंय.

नंदाताईच्या सासरचं लालबागला मसाला कुटायचं दुकान आहे. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. बोलायला लागली की तोंडात पक्की मालवणी, आणि गायला लागली की — काय सांगू? आमचे मास्तर, म्हणजे अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे, ज्यांनी हा सगळा दंगा उभा केला, ते कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते. पण नंदाताई अंतऱ्याला वर गेली की वाजवता वाजवता डोळे मिटायचे. माझ्या गाण्याला त्यांचे डोळे टक्क उघडे. मी ते बघायची. दर रविवारी बघायची.

आता एक गोष्ट समजावते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाणारा कुठल्या सुरापासून गाणं धरणार, त्याला आम्ही पट्टी म्हणतो. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती नावं. नंदाताईचं एक गाणं होतं, ते ती काळी पाचमध्ये गायची. बायकांना तिथून वरचे सूर लावायचे म्हणजे जीव गोळा होतो. घसा बरा नसला की एक पट्टी उतरवायची, काळी चार करायची. त्यात लाज नाही, मोठमोठे गाणारे करतात. आणि स्टेजवर ओरडून सांगता येत नाही, म्हणून आमच्यात बोटं दाखवायची पद्धत आहे. गाणारा पडद्याआडून थेट माइकवर येतो, त्याला वादकांपर्यंत जायला वेळ नसतो. मग कोरसमधली बाई मास्तरांना बोटं दाखवते. चार बोटं म्हणजे काळी चार, पूर्ण पंजा म्हणजे काळी पाच. मास्तर मान हलवणार, पुढे सगळ्यांना खुणावणार. कोरसमधली ती बाई म्हणजे मी.

परळच्या एका हॉलमध्ये आमचा पहिला तिकीट लावून केलेला कार्यक्रम होता. मे महिना. मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतून कधी गेलायत? नाकाला पदर लावल्याशिवाय जाता येत नाही. सगळ्या मुंबईच्या बायका वर्षाचा मसाला करायला तिथे रांग लावतात, आणि नंदाताई सकाळपासून त्या मिरचीच्या खकाण्यात उभी. दरवर्षी मेमध्ये तिचा घसा बसायचा, पाऊस लागला की सुटायचा. हे तिलाही माहीत होतं, मलाही.

माझं त्या दिवशी एकच गाणं होतं. एकच. नवीन साडी घेतली होती, ब्लाउजला स्वतः पायपिंग केलं होतं. आणि मध्यंतरात मास्तर म्हणाले, कार्यक्रम लांबतोय, विजूचं गाणं काढा. बस्स. कुणी वर बघितलं नाही. नंदाताई आरशासमोर कोमट पाण्याच्या गुळण्या करत होती. तिने ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही. मला तेव्हा वाटलं, ऐकलं आणि गप्प बसली. तिला काय जातंय, तिचं गाणं थोडंच कुणी काढणार आहे?

मध्यंतरानंतर मी कोरसला जाऊन बसणार, तर तिने माझा हात धरला. आवाज पार घोगरा. म्हणाली, "घसो बसलो गो विजू. मास्तरांका काळी चार सांग."

मी 'हो' म्हटलं.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी विसरले. गडबडीत राहून गेलं. माणूस विसरतो, नाही का? देवाला मी जे अर्धं सांगितलं ते हेच — बाबा रे, विसरले, पदरात घे. पण तसं नाही झालं. मी जागेवर बसले, मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, भुवया उडवून विचारलं — पट्टी? त्यांनाही तिचा घसा माहीत होता. ते विचारत होते. आणि मी — मी त्यांना पूर्ण पंजा दाखवला. पाच बोटं. अंगठ्यासकट.

झालं. सांगितलं एकदाचं.

का? तिचं वाटोळं व्हावं असं नव्हतं मनात. एकदा, फक्त एकदा तिने अडखळावं. माझ्यासारखं तिचंही एक गाणं वाया जावं, एवढंच. एवढंच म्हणते मी, पण हे 'एवढंच' केवढं होतं बघा.

पहिल्या ओळी तिने कशाबशा सांभाळल्या. अंतऱ्याला वर गेली आणि आवाज फुटला. नुसता चिरकला नाही, फुटला, पार हवा झाली. तिने परत उचलला, परत फुटला. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तिने उरलेला अंतरा खालच्या सुरात कसातरी पुरा केला, नमस्कार केला आणि आत गेली. मी कोरसमध्ये तोंड हलवत बसले होते.

आमच्याकडे मास्तरांचा एक नियम होता — कार्यक्रम झाल्यावर कुणी कुणाच्या चुका काढायच्या नाहीत. आधी खायचं, हसायचं, घरी जायचं. चुका पुढच्या रविवारी. नियम चांगला होता, नवीन माणसं त्यामुळे टिकायची. पण त्या दिवशी त्या नियमाने मला वाचवलं. सगळे वडे खात होते, 'होतं असं', 'मिरचीचा सीझन आहे' म्हणत होते. पट्टीचं नाव कुणी काढलं नाही. नंदाताई मला कोपऱ्यात घेऊन गेली.

"काळी चारच होती मां?"

अजून वेळ गेली नव्हती हो! तेव्हा खरं बोलले असते तर तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या, मालवणी शिव्या, सात पिढ्यांना पुरतील अशा, आणि पुढच्या रविवारी गायली असती. मी म्हणाले, "हो गं ताई, काळी चारच होती."

तिने मान हलवली. तिच्या हिशेबाने पट्टी उतरवूनही आवाज पोचला नव्हता. म्हणजे दोष मिरचीचा नाही, आवाजच संपला. माझ्या एका वाक्याने तिचा तसा समज झाला. पुढच्या रविवारी आली ती सांगतच — मी आता निवेदन करते, गाणार नाही. मास्तर रागावले, विनवण्या केल्या. ती हसून म्हणायची, आता तो विषय नको. आणि मास्तरांसमोर पट्टीची गोष्ट तिने एकदाही काढली नाही. लाजेने काढली नसेल. पुढे मास्तर गेले. तो पंजा बघणारं दुसरं कुणी उरलं नाही.

तिची गाणी मला मिळाली. आता तुम्ही म्हणाल, हिने मुद्दाम बळकावली. नाही, त्याहून वाईट झालं. तिने ती मला स्वतः शिकवली. मसाल्याच्या दुकानावर पोटमाळा आहे, तिथे बसवून एकेक ओळ. इथे दम घे, हा शब्द तोडू नको, वर जाताना मान ताणू नको गो, जिराफ आहेस काय? मी दोनदा कंटाळून सोडायला निघाले, दोन्ही वेळा दुकानात येऊन माझ्या शिलाई मशीनसमोर ठाण मांडून बसली. आज लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, विजूताई, काय गाता हो तुम्ही! मी गात नाही, नंदाताईने जे माझ्यात भरलं ते बाहेर येतं. हे मी विनयाने म्हणत नाहीये. विनय माझ्यात नाही.

माझा नवरा परळच्या हॉस्पिटलात होता तेव्हा मी रात्रंदिवस तिथेच. नातेवाइकांना राहायला जवळच एक धर्मशाळा आहे, तिथे एक पलंग मिळाला होता. नंदाताई रोज दुपारी दुकान दिरावर टाकून यायची. पेज आणि सुक्या बांगड्याची चटणी. मी जेवत नाही म्हटलं की डोळे वटारायची. नवरा बरा होऊन घरी आला, त्याला पहिलं हसवलं तेही तिनेच. या बाईने माझ्यासाठी जे केलं ते माझ्या आईनेही केलं नसतं, आणि मी तिचे पाय धरावेत इतकी तिची ऋणी आहे — खरंच आहे, त्यात खोट नाही. दोन्ही खरं आहे. मी काय करू?

यंदा पंचविसावं वर्ष म्हणून मोठा कार्यक्रम ठरला, आणि जमेल ते सगळं त्याच धर्मशाळेला द्यायचं. हेही नंदाताईनेच सुचवलं. मी ठरवलं, तिचं ते गाणं मूळ पट्टीत, काळी पाचमध्येच गाऊन बघायचं. एरवी मी दोन पट्ट्या खालून गाते. तिच्या पोटमाळ्यावर बसलो होतो, मोबाइलवर तानपुरा लावला होता, काळी पाचचाच. खाली मसाला कुटायचं मशीन धडधडत होतं. मला अंतऱ्याची जागा जमेना. ती वैतागली, "ऐक, असं," म्हणाली आणि गाऊन दाखवलं. सहज. वरचा सूर लागला, स्वच्छ, आणि तिने तो धरून ठेवला. या वयात! मी म्हटलं, ताई, अगं, तुला येतंय! ती म्हणाली, घरी पाय मोकळे सोडून सगळ्यांनाच येतं, स्टेजवर माझा भरवसा नाही, एकदा बघितलंय.

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो. तानपुरा चालू होता. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

कार्यक्रम दादरला झाला. हॉल भरला होता, लालबागच्या चाळींतून पांगलेली जुनी माणसं टॉवरमधून, ठाकूरद्वारहून, अँटॉप हिलहून आली होती. शेवटच्या गाण्याआधी नंदाताई माइकवर आली. लिहिलेलं काही बोलली नाही. निवेदनातल्या तिच्या शुद्ध मराठीत म्हणाली, "मंडळी, हे गाणं एकेकाळी मी गायचे. एका कार्यक्रमात माझा आवाज फुटला. पट्टी उतरवूनही फुटला. त्या दिवशी सगळे माझी समजूत काढत होते. फक्त एका मुलीने मला खरं काय ते, पट्टी उतरवलेलीच होती हे, तोंडावर सांगितलं. तिने त्या दिवशी खोटा धीर दिला असता तर मी हट्टाने गात राहिले असते आणि माझं हसं झालं असतं. तिच्यामुळे मी वेळेवर थांबले, आणि तुम्हाला ही गायिका मिळाली. विजू, तुझे उपकार आहेत बाई माझ्यावर."

कीबोर्डवर सुरेश होता. त्या परळच्या कार्यक्रमातही तोच होता, त्याच्या हाताखालीच काळी पाच वाजली होती. तो मान वर करून नंदाताईकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मी त्याच्याकडे बघितलं नाही. अजून त्याने मला काही विचारलेलं नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. नंदाताई माझ्याकडे हात करून उभी, डोळे भरलेले, मला पुढे बोलावत होती. तिचा आवाज कधीच गेला नव्हता, आणि हे त्या हॉलमध्ये फक्त मला पक्कं माहीत होतं. मी पुढे गेले. तिच्या पाया पडले. तिने मला उठवून छातीशी धरलं आणि टाळ्या आणखी वाढल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी हात जोडून उभी होते. मग माइक घेतला आणि तिचं गाणं गायले. चांगलं गायले.