दीड तासाचं विमान

विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्यात आबांची उमर गेली, पण विमानात ते निवृत्तीनंतर पहिल्यांदा बसले, तेही नातीचं तोंड बघायला. अंतर सातशे किलोमीटर, वेळ दीड तास. "ती दुपारी झोपायच्या आत पोचतो," असं त्यांनी लेकीला ठासून सांगितलं होतं.

विमान वेळेवर उतरलं. त्यांची बॅगही लगेच आली. पण सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर लोकांच्या बॅगा वेड्यावाकड्या पडलेल्या बघून आबांचे हात शिवशिवले. हँडल बाहेरच्या बाजूला वळवत ते एकेक बॅग सरळ करू लागले.

"अहो, चला! तुमची ड्युटी कधीच संपली," सोबत आलेली बायको करवादली.

"थांब गं. अशी उचलली तर माणसाची कंबर जाते."

पट्टा रिकामा झाल्यावरच आबा हलले. घरी पोचले, तर नात गाढ झोपलेली.

"सातशे किलोमीटर दीड तासात," बायकोने लेकीला सांगितलं, "आणि पट्ट्यापासून विमानतळाच्या दारापर्यंतही जवळपास तेवढाच वेळ!"

आबा पाळण्याजवळ खुर्ची ओढून बसले. नात जागी झाली, तेव्हा ते मान टाकून घोरत होते. तीच मग बराच वेळ आजोबांचं तोंड बघत राहिली.