मामांची रिंग, दाजींचा फिल्टर

आमच्या गाडीचं इंजिन मानपानानं गेलं. मेकॅनिक लोक म्हणतात, तेल संपलं म्हणून गेलं. तेही खरंच आहे. पण तेल का संपलं, हे विचारत मागं मागं गेलात तर आमच्या घरात तुम्हाला कोणीतरी रुसून बसलेलं सापडेल.

गाडी माझी होती. बहात्तर सालची गोष्ट. मायदेशी परत निघालेल्या एका विलायती डॉक्टरसाहेबांकडून मी ती घेतली होती. लाल, बुटकी, दोन दारांची आणि शर्यतीत पळवायच्या जातीची. आमच्या कोल्हारात ती उभी राहिली की पोरं खाली वाकून तिच्याकडं बघायची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला एक फेरी मारली आणि विचारलं, "हिच्यात खताची पोती किती बसत्यात?" एकही नाही म्हटल्यावर त्यांनी तिच्याकडं परत पाहिलं नाही.

आता रुसव्याकडं येतो. आदल्या दिवाळीत आमच्या घरी दोन फेटे बांधले गेले, एक दाजींना आणि एक मामांना. दाजी म्हणजे ताईचे यजमान, पुण्याला एका मोटार कारखान्यात नोकरीला. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, नगरला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे. मामांचा फेटा दाजींच्या फेट्यापेक्षा वीतभर मोठा निघाला. (मामांचं डोकंच मोठं होतं, पण हे जावयाला सांगायचं कोणी?) दाजी जेवण अर्धं टाकून उठले आणि ताईला इथंच ठेवून पुण्याला गेले. दिवाळीला आलेली ताई उन्हाळा लागला तरी माहेरीच. ती बोलायची नाही, पण पोस्टमन दिसला की दारात येऊन उभी राहायची. मला ते बघवत नसे.

त्या उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिकात जावयाला बोलावून अनारशांचं वाण द्यायचंच असतं, आणि त्या आमंत्रणाला जावयालाही नाही म्हणता येत नाही. दाजींचं उत्तर आलं. येतो, शकुंतलेला घेऊन जातो, मात्र भाऊसाहेबांच्या लाल गाडीतून नेणार आणि गाडी मी चालवणार. शकुंतला म्हणजे ताई आणि भाऊसाहेब म्हणजे मी. आईनं देवापुढं साखर ठेवली. ताईनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, येवढ्या डावाला काई वाकडं हू दिऊ नको रं."

"अगं, माझ्याकडून काय वाकडं होणार?" मी म्हणालो. बघा म्हणजे.

गाडीला लांबच्या प्रवासाआधी तेलाचा फिल्टर बदलायला हवा होता. ते मी दाजींना कळवलं. मामा घरी आले होते, तर त्यांनाही सांगितलं. ही माझी पहिली चूक. दाजी आले ते खास मुंबईहून मागवलेला कंपनीचा फिल्टर घेऊन, चकचकीत खोक्यात. आणि त्याच सकाळी नगरहून मामा आले, कागदात गुंडाळलेला लोकल फिल्टर घेऊन. दोघांनी एकाच वेळी आपापला फिल्टर माझ्यापुढं धरला.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "नगरातल्या निम्म्या ट्रकांत आमचा ह्यो फिल्टर हाय. एकबी गिऱ्हाईक तक्रार घिऊन परत आलं न्हाई."

"परत यायला गाडी चालू असावी लागते, मामा."

ताईच्या हातातलं तांब्याभांडं वाजलं.

"ही ट्रक नाही," दाजी पुढं म्हणाले. "ही वेगाची गाडी आहे. हिच्या तेलाला दाब जास्त. कंपनीनं त्या हिशोबानं आतला कागद बनवलाय."

"कागूद?" मामांना खरोखर धक्का बसला. "इंजनात कागूद घालायचा? मंग त्यापरीस वहीच घाला की. आमच्यात आख्खा सुताचा बोळा हाय."

शेवटी परीक्षा घ्यायची ठरली. अनारसे तळून उरलेलं करडईचं तेल आईनं गाळून ठेवलं होतं. ते दोन्ही फिल्टरांतून ओतायचं. आई नको नको म्हणत असतानाच परात आली. मामांच्या फिल्टरातून तेल भसाभस खाली आलं आणि दाजींच्यातून थेंब थेंब.

"पाहिलंत?" दाजी म्हणाले. "तुमचा काही गाळतच नाही."

"बगितलं," मामा म्हणाले. "तुमचा तुंबलाय."

एकाच परीक्षेत दोघंही पहिले आले. दाजी ओसरीवर जाऊन बॅगेचे पट्टे आवळू लागले. मामांनी टोपी घातली. ताई माजघरात गेली.

आईनं मला गोठ्यात बोलावलं. "बसनार किती?"

"फिल्टर एकच बसतो, आई."

"मंग जावयाचा बसव. अधिक महिना हाय."

"आणि मामा?"

आई विचारात पडली. "मामाचं कायतरी बारकं घे. त्या पुड्यात आनखी काय हुतं?"

होतं. दोन्ही पुड्यांत फिल्टरबरोबर एकेक रबरी रिंग होती. फिल्टर ज्या पत्र्याच्या डब्यात बसतो, तो डबा इंजिनला जिथं टेकतो तिथं ही रिंग बसते. तेल बाहेर येऊ देत नाही. आईचा निकाल झाला. फिल्टर जावयाचा आणि रिंग भावाची. मला तो फार सुंदर वाटला.

मी गाडीखाली शिरलो. मामांची रिंग खाचेत बसवली. तेवढ्यात बाजूला दाजींचे बूट येऊन उभे राहिले.

"भाऊसाहेब, रिंग कंपनीचीच ना? खरी मेख रिंगेत असते."

आता काय सांगू? खोटं मला बोलता येत नाही. म्हणून मी मामांच्या रिंगेवर दाजींची रिंग ठेवली, डबा दाबून आवळला आणि म्हणालो, "हो दाजी, तुमचीच." दाजी गेले. मग मामांच्या वहाणा आल्या. "भाच्या, रिंग आपली घातली न्हवं?" मी म्हणालो, "व्हय मामा, तुमचीच." दोघांशीही खरं बोललो! आणि वर असंही वाटलं, की एकीपेक्षा दोन केव्हाही बऱ्या. मी गाडीखाली पडल्या पडल्या स्वतःवर खूश होतो.

इंजिन चालू केलं. थेंबसुद्धा गळाला नाही. आईनं नारळ फोडला. दाजी चालवायला, शेजारी मी, मागं मामा आणि ताई, ताईच्या मांडीवर अनारशांचा डबा. मामांना नगरला सोडायचं आणि पुढं पुणं. ताई इतक्या महिन्यांनी हसत होती.

राहुरीपर्यंत दाजी सावकाश होते. मग विळद घाटाचा चढ दिसला आणि त्यांनी गाडी जी दाबली! ट्रक मागं पडले, एसटी मागं पडली. पण एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून हात काढून आमच्याकडं काहीतरी ओरडत होता.

"जळतोय," दाजी समाधानानं म्हणाले.

माझं लक्ष समोरच्या काट्याकडं गेलं. तेलाच्या दाबाचा काटा पार खाली जाऊन झोपला होता.

"दाजी, काटा..."

"काटा बिघडलाय."

जावयाला नाही कसं म्हणायचं? "असेल," मी म्हणालो.

"कायतरी करपतंय," मागून मामा म्हणाले.

"अनारसे न्हाईत," ताई घाबरून म्हणाली.

मग बॉनेटखाली खाडकन आवाज झाला, चाकं कचकन घासली आणि गाडी जागेवर उभी राहिली. खाली उतरून पाहिलं तर घाटाच्या पायथ्यापासून आमच्यापर्यंत तेलाची काळी रेघ. दोन्ही हातांनी ओढलं तरी पंखा तसूभर हलेना. इंजिन जाम. ताई डबा घेऊन दगडावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, झालं. हिला आता इथूनच कोल्हारला परत न्यायचं.

"यांच्या दुकानातला फिल्टर बसवलास ना?" दाजी माझ्यावर गरजले.

"ह्यांचा कागूद बसवलास न्हवं?" मामा दुसऱ्या बाजूनं.

"फिल्टर दाजींचा," मी म्हणालो. मामांची छाती फुगली.

"मग रिंग कोणाची?" दाजी म्हणाले.

दाजी पान्हा घेऊन गाडीखाली शिरले आणि मामाही धोतर खोचून त्यांच्या मागोमाग. बोल्ट सैल केल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं दोघं बाहेर आले. दाजींच्या हातात एक रिंग होती, मामांच्या हातात एक, आणि दोघांचेही चेहरे पांढरे पडले होते.

"दोन?" दाजी म्हणाले.

"एकावर एक," मामा म्हणाले. "वरची बाहीर लोंबत हुती."

"का रे?" दाजींनी विचारलं.

"दोघंही विचारत होतात ना," मी म्हणालो. "कोणाला वाईट वाटू नये म्हणून."

दाजींनी मामांकडं पाहिलं. मामांनी दाजींकडं पाहिलं. दिवाळीपासून पहिल्यांदाच.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं धंद्यात आहात. असं कधी पाहिलंत?"

"न्हाई वो पाव्हणं. आवो, एकावर एक रिंग, ती बसंलच कशी?"

"दाब आला की निसटणारच."

"निसटनारच! फिल्टर तुमचा असू द्या न्हाईतर माजा."

"नाही, तुमचाही चालला असता तसा."

"छ्या छ्या, तुमचाच चांगला. पन ह्या गाढवापुढं कोनचा फिल्टर टिकनार?"

दोघं एकाच दगडावर सावलीला बसले आणि माझी जी सालटं काढली! एकाचा श्वास संपला की दुसरा सुरू. ताईनं डोळे पुसले, डबा उघडून दोघांपुढं धरला, आणि माझ्याकडं मोठ्या मायेनं पाहत राहिली. तेवढ्यात मामांच्या ओळखीचा एक ट्रक आला. तिघं केबिनमध्ये बसून नगरला गेले. मामांनी ताई-दाजींना जेवू घातलं आणि पुण्याच्या एसटीत बसवून दिलं. मी गाडीपाशी राखण.

संध्याकाळी दोन बैलजोड्या लावून गाडी घाटाखाली उतरवली. घरी गेलो तेव्हा आईनं गाडीचं काही विचारलं नाही. "ताई गेली का?" "गेली." "ते दोघं बोलत हुते का?" "थांबतच नव्हते." "मंग बरं झालं," आई म्हणाली आणि माझं ताट वाढायला उठली.

इंजिन पुन्हा कधीच चालू झालं नाही. पण दाजी आणि मामा कायमचे एक झाले. सणावाराला आमच्याकडं जमले की शेजारी शेजारीच बसतात. पीकपाणी होतं, पुण्याची हवा होते, मग बोलायला काही उरत नाही आणि दोघांचे चेहरे हळूहळू ताठ व्हायला लागतात. ताई घाईनं मला हाक मारते. मी हातातलं काम टाकून त्यांच्यापुढं जाऊन बसतो आणि ती दुसरी रिंग मी काय विचार करून बसवली, हे पुन्हा पहिल्यापासून सांगतो. बहिणीचा संसार आहे, सांगावंच लागतं.