मास्तर पुण्याला निघाले

कोल्हापुरात आजवर फुटबॉलचे जेवढे सामने झाले असतील, त्यांतला एकही आमच्या घराखालच्या टेलरमास्तरांनी हरलेला नाही. वास्तविक मास्तरांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. लावला असेल तो दुकानात घरंगळत आलेला चेंडू गल्लीतल्या पोरांना परत देण्यापुरता, आणि तोही मशीनच्या पायट्यावरचा दुसरा पाय न काढता. पण पेठेतल्या निम्म्याअधिक तालमींच्या संघांच्या जर्सी त्यांच्याकडं शिवल्या जायच्या. त्यामुळं फायनलला समोरासमोर कुणीही उभं राहो, दोन्ही बाजूंनी मास्तरच मैदानात असायचे. "कोन जिंकलं ते उद्या पेपरात वाचायचं," ते म्हणायचे, "आपण फकस्त फाटलं का न्हाय ते बघायचं." गोल झाला की सारं स्टेडियम उभं राहायचं आणि मास्तर मात्र मान वाकडी करून, हात वर केलेल्या खेळाडूच्या काखेतला जोड तपासायचे. एकदा एका बचावपटूनं पुढं निघालेल्या पोराची जर्सी मागनं धरून ओढली. लोक पंचाच्या नावानं ओरडायला लागले, तर आमचे मास्तर बाकावर उभे राहून, "वड! अजून वड! बघू निघतीय का!" शेजारच्यानं चिडून विचारलं, "पावणं, तुम्ही नक्की कुणाकडनं?" मास्तर शांतपणे म्हणाले, "दोऱ्याकडनं."

माणसाचं नाव लक्षात ठेवणं हा प्रकार त्यांना कधी जमला नाही. त्यांच्या डोक्यात माणसं मापांनी नोंदलेली असतात. माझा मेहुणा चार वर्षांनी आला तेव्हा मास्तरांनी त्याला नमस्कार केला, क्षणभर निरखलं आणि मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "ह्यांची छाती चाळीस हुती न्हवं? आजारी हुते काय?" शिवाय एकदा माप घेऊन त्यांचं समाधान होत नसे. पहिलं माप म्हणजे ओळख, दुसरं म्हणजे खात्री आणि तिसरं झाल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, असा त्यांचा नेम. माझ्या एका पँटची मापं पूर्ण होईपर्यंत माझं पोट सुटलं आणि चौथं माप घ्यावं लागलं. संघांच्या जर्सी मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला तयार. याबद्दल मी कुरकुर केली की म्हणायचे, "माणसं थांबत्यात की हो. मॅच थांबती व्हय?"

असा हा मनुष्य एका दुपारी वर्तमानपत्राचा एक चोळामोळा झालेला तुकडा इस्त्री करून माझ्याकडं घेऊन आला. बटणांची पुडी बांधून आलेला कागद होता तो. पुण्यात थोर खेळाडूंच्या वस्तूंचं संग्रहालय आहे, तिथं त्यांच्या बॅटी, बूट, पदकं आणि मैदानात घातलेले कपडे काचेआड मांडून ठेवलेत, असं त्यात लिहिलेलं. मास्तरांचं बोट 'कपडे' या शब्दावर होतं. "शाहीनला दाखवायचंच," ते म्हणाले. शाहीन म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. तेव्हा सातवीत होती आणि शाळेच्या संघात गोलकीपर. तिची जर्सी अर्थातच घरची. पोरीला लागू नये म्हणून मास्तरांनी तिच्या कोपरांना, खांद्यांना आणि बरगड्यांना आतून एवढा कापूस घातला होता की ती गोलमध्ये उभी राहिली की उशी वाळत घातल्यासारखी दिसे. त्यातही ती सूर मारायची, आणि मास्तर बाहेरून ओरडायचे, "हळू गं! उसवंल!"

पुण्याचा बेत त्या दिवशी ठरला आणि त्याची मापं घेणं सुरू झालं. मास्तरांनी कापडाचे आराखडे काढायच्या खाकी कागदावर कोल्हापूर ते पुणे रस्ता काढला. गाडी कुठं थांबते, कुठं किती वेळ थांबते, हे एसटीतल्या दोन कंडक्टरांकडून वेगवेगळं विचारून घेतलं आणि दोघांचं जुळेना म्हणून तिसरा गाठला. पोरीला ऊन लागू नये म्हणून कुठल्या बाजूला बसावं यावर पंधरवडा गेला. शेवटी निकाल असा लागला, की सकाळी जाताना डावीकडं बसायचं आणि संध्याकाळी येतानाही डावीकडंच. या शोधाचा त्यांना इतका आनंद झाला, की पुण्याला जाणाऱ्या अनोळखी माणसांनाही ते हाक मारून हे सांगू लागले. मग घरातून निघून स्टँडवर पोचायला नक्की किती वेळ लागतो हे बघायला एका रविवारी पहाटे बापलेक नवे कपडे घालून, डबा घेऊन स्टँडवर गेले, पुण्याची गाडी सुटलेली बघितली आणि डबा तिथंच खाऊन परत आले. त्यांच्या बायकोला, म्हणजे भाभींना, मी विचारलं, "काय भाभी, कधी निघणार मंडळी?" भाभी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "काय सांगू भाऊजी! आमच्या गल्लीतली माणसं हजला जाऊन आली. हे अजून स्टँडपतूरच गेलेत."

संग्रहालयाचा फोन नंबर मीच काढून दिला होता. त्याचा मला पुढं पश्चात्ताप झाला, कारण फोन माझ्याच मोबाइलवरून आणि माझ्यासमोर व्हायचा. "हॅलो, कोल्हापूरहून बोलतोय. ते आतले कपडे खरेच हायत, का झेरॉक्स?" पलीकडचा गृहस्थ गोंधळून म्हणाला, "कपड्यांची झेरॉक्स?" "तसं न्हवं हो. म्हणजे त्यांनीच घातलेले, का तसलेच दुसरे शिवून टांगल्यात?" तो म्हणाला, खरेच आहेत. "आणि पाठीमागनं बघायला मिळतंय काय?" मग अत्यंत सौजन्यानं उत्तर आलं, "काका, तुम्ही एकदा येऊनच बघा ना." मास्तरांनी फोन माझ्या हातात देऊन म्हटलं, "माणूस चांगला हाय. पर त्यालाबी काय ठाऊक न्हाय."

पहिल्यांदा खरोखर तिकिटं काढली तेव्हा शाहीन नववीत होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी एका तालमीची चार पोरं दुकानात येऊन उभी राहिली. बाहेरून मागवलेल्या जर्सी भलत्याच रंगाच्या आल्या होत्या आणि मॅच परवावर. "मास्तर, तुमच्याशिवाय कोन हाय आमाला?" एवढं त्यांनी म्हटलं आणि मास्तरांनी टेप गळ्यात अडकवला. पुण्याची तिकिटं रद्द झाली. पाठीवरचे नंबर शिवायचं काम नेहमी शाहीनकडं असे, ते तिनं दुपारभर मुकाट्यानं केलं. सामन्याच्या दिवशी एकाच संघात दोन सहा नंबर मैदानात उतरले आणि नऊ नंबर कुठंच नाही. पंचांनी खेळ थांबवला, समोरच्या संघानं गोंधळ घातला. मॅच संपल्यावर कप्तान तावातावानं दुकानात आला. मी तिथंच होतो. शाहीन मान खाली घालून काज करत होती, कान लाल. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझीच चूक हाय बाबा. डोळं गेलं माझं. नऊ उलटा बसला." कप्तान गेल्यावर त्यांनी पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. मशीन पुन्हा चालू केलं.

त्यानंतर तिकिटं आणखी दोनदा काढली आणि दोनदा रद्द केली. एकदा फायनल पुढं ढकलली म्हणून, एकदा मास्तरांच्याच मते "अजून पुरता बेत बसला न्हाय" म्हणून. मधल्या काळात शाहीन दहावी झाली, बारावी झाली, खेळाची शिक्षिका व्हायचं शिक्षण तिनं घेतलं आणि जिल्ह्यातल्याच मलकापूरच्या एका शाळेत नोकरीला लागली. तिथंच खोली घेऊन राहू लागली. रविवारी यायची, तीही एकाआड एक. आली की वह्या तपासत बसायची, नाहीतर फोनवर पालकांशी बोलायची. संध्याकाळच्या गाडीनं परत. "आली आली म्हणस्तवर गेली की वो," मास्तर म्हणायचे.

आणि याच काळात जर्सी शिवायचं काम आटत गेलं. आता पोरं मोबाइलवर रंग निवडतात, नावानंबरासकट छापलेल्या जर्सी खोक्यातून घरी येतात. मास्तरांकडं येतात ती फक्त सैल झालेली घट्ट करायला आणि घट्ट झालेली सैल करायला. मास्तरांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. आलेली जर्सी उलटी करून बघायचे, बोटांत चोळायचे आणि म्हणायचे, "कापड बरं हाय." पण स्टेडियमवर जाणं त्यांनी कमी केलं. दुकान जेवणानंतर दोनला उघडायचं ते चारला उघडू लागलं. आता पुण्याला जायला कुणाची आडकाठी नव्हती, सगळा वेळ मोकळा होता, आणि नेमकं आताच मास्तर पुण्याचं नाव काढीनासे झाले.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शाहीनच्या आलं. एका रविवारी ती वर आमच्याकडं आली आणि दारातच म्हणाली, "काका, अब्बा पुण्याचं बोलत न्हाईत आताशा. तुम्ही चेष्टा केलासा काय त्यांची?" चेष्टा तर मी दहा वर्षं करत होतो, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. तिनं माझ्यासमोरच मोबाइलवर पुढच्या रविवारची दोन तिकिटं काढली आणि आम्ही दोघं खाली दुकानात गेलो. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि हरकती सुरू केल्या. पाऊस लागंल. रविवारी गर्दी असंल. एकाची पँट द्यायची हाय. माझा गुडघा. तुझी शाळा. संग्रहालय आता तिथंच हाय का उठून दुसरीकडं गेलं? शाहीननं सगळं संपू दिलं. मग ती टेबलावरची कात्री उचलून त्यांच्या हातात देत म्हणाली, "अब्बा, मापं लई झाली. आता कापा की."

मास्तर कात्रीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघून, जणू काही मीच त्यांना अडवून धरलं होतं अशा सुरात म्हणाले, "मग जाऊया की! मी कधी न्हाय म्हणालोय?"

आणि ते गेले. मी सोबत नव्हतो. जे घडलं ते मला शाहीननं फोनवर सांगितलं. आत शिरल्यावर मास्तरांनी पदकांकडं, करंडकांकडं ढुंकूनही बघितलं नाही. ते कपाटांसमोर उकिडवे बसून खालून वर, कपड्यांच्या आतल्या बाजूला बघू लागले. थोड्या वेळानं रखवालदार मागं येऊन उभा राहिला. "काका, काही हरवलंय का?" "न्हाय पावणं, शिवण बघतोय." रखवालदाराला गंमत वाटली असावी. त्यानं आपल्या मोबाइलचा दिवा काचेला लावून धरला. मग ते तिघं मिळून दालनभर फिरले. मास्तर सांगत होते, ही दुहेरी टीप, हे घाईत शिवलंय, ह्या कॉलरला लई जीव लावलाय बघ. मध्येच त्यांनी रखवालदाराच्याच गणवेशाचा खांदा चिमटीत धरून विचारलं, "हे कुणी शिवलंय? हात वर होत नसंल तुमचा." त्यानं हात वर करून दाखवला. खरंच होत नव्हता.

एका कपाटापाशी ते पुन्हा उकिडवे बसले. फार जुनी, पिवळी पडलेली जर्सी होती. कोपरावर ठिगळ, आणि ते हातानं घातलेलं. "दुकानातलं काम न्हाय हे," मास्तर म्हणाले. "घरात कुणीतरी घातलंय. आईनं, न्हायतर भनीनं." शाहीननं खालची पाटी वाचून दाखवली. खेळाडूचं नाव होतं, गाव होतं, कुठले सामने खेळला ते होतं. मास्तरांनी विचारलं, "बास? एवढंच?" ती म्हणाली, एवढंच. तिला वाटलं, आता अब्बांना वाईट वाटणार. पण मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "बरं केलं. शिवणाऱ्याचं नाव लिवलं असतं तर गाव गोळा झालं असतं दारात, हे जरा आत घाला नि ते जरा बाहेर काढा म्हणून." रखवालदार हसला. शाहीन मात्र, तिनंच सांगितलं, त्या पाटीचा फोटो काढायला म्हणून थोडी मागं थांबली. डोळे पुसून मग पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दुकानात गेलो. शाहीन पहिल्या गाडीनं मलकापूरला गेली होती. मास्तर डावा हात उजव्या हातानं चोळत बसले होते. म्हटलं, आता तासभर टीप, काज, कॉलर ऐकायची तयारी ठेवावी.

"काय मास्तर, काय काय बघितलंसा पुण्यात?"

"हाय की. चांगलं हाय," ते म्हणाले. दहा वर्षं बेत करणाऱ्या माणसाचं हे उत्तर मला काही पुरलं नाही. मी तसाच उभा राहिलो. मग ते म्हणाले, "येताना साताऱ्याच्या अलीकडं पोरगी झोपली. खांद्यावर. दमलेली हो, हप्ताभर शाळा असती तिची. कराडजवळ गाडी थांबली, सगळी च्याला उतरली, मी उतरलो न्हाय. हाताला मुंग्या आल्या, तरी हाललो न्हाय कोल्हापूर येईस्तवर." त्यांनी हात दोनदा उघडमीट करून बघितला. "झोपलेली बघून लई वर्षं झालती."

एवढं बोलून त्यांनी समोरची जर्सी ओढली आणि सुईत दोरा घालायला लागले. दोरा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मी घालून दिला.