दादाची पाटी

दोन हजार सातच्या सुमाराची गोष्ट. मी नाशिकरोडच्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवत होते आणि कडक म्हणून माझी ख्याती होती. कॉलेजच्या मैत्रिणींच्या आग्रहावरून इंटरनेटवर खातं उघडलं. तिथे प्रत्येकाचं एक पान असायचं, त्यावर कुणीही चार ओळी लिहाव्यात आणि कुणीही वाचाव्यात. माझ्या वर्गातली मुलंही तिथे आली.

माझा थोरला भाऊ पिंपळगावला, द्राक्षं पेट्यांत भरून परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाऊसचं ऑफिस सांभाळायचा. दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसलेला. त्याला माझं पान सापडलं; तो त्याला ‘पाटी’ म्हणायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला तो पटकन शिकला. एका दुपारी त्याने, माझं घरातलं, चारचौघांत न सांगण्यासारखं नाव घालून लिहिलं, ‘जुलाब थांबले का? ताक पी. तुला साबुदाणा लहानपणापासून झेपत नाय.’

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तर सगळे विलक्षण शांत. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, आता बरं वाटतंय ना?” तिच्या आवाजात खरीच काळजी होती. बाकीच्यांचे खांदे हलत होते. मी तडक चाचणी जाहीर केली.

संध्याकाळी फोन लावला. “दादा, ते सगळ्यांना दिसतं.”

“दिसू दे की. आपण काय चोरी केली का?”

मग मी शाळेसाठी दुसरं खातं काढलं. कडक इस्त्रीच्या साडीतला फोटो लावला, आवड म्हणून फक्त ‘वाचन’ लिहिलं. मुलांना तिकडे हलवलं. आठवड्याभरात दादा तिथेही हजर. बहिणीची दोन खाती आहेत म्हटल्यावर निरोप दोन्हीकडे ठेवलेला बरा, असं त्याला वाटलं. कुणी तरी विचारलं होतं, ‘मॅडम, उद्याची चाचणी पुढे ढकलाल का?’ मी उत्तर द्यायच्या आत दादाने दिलं, ‘ती ढकलायची नाय. मी वळखतो तिला. अभ्यासाला लागा.’

रविवारी मी बस पकडून पिंपळगाव गाठलं. हंगामामुळे दादा ऑफिसातच होता. चहा होईपर्यंत कशीबशी थांबले आणि म्हणाले, “दादा, शाळेतली मी वेगळी असते रे. तिथे घरचं नको.”

त्याने मॉनिटर माझ्याकडे फिरवला. परदेशी व्यापाऱ्यांना लिहिलेली पत्रं होती. पेट्या, कंटेनर, तापमान, सगळं इंग्रजीत. “दिवसभर हेच लिहितो,” तो म्हणाला. “घरचं बोलावं असं तुझ्या पाटीवरच वाटतं. पण तुला लाज वाटत असंल तर नाय लिहिणार.”

परतताना बसमध्ये मी काय करायचं ते ठरवून टाकलं.

सोमवारी वर्गात सांगितलं, “शाळेचं खातं बंद. जे विचारायचं ते इथे, माझ्यासमोर.” घरच्या पानाला कुलूप घातलं, फक्त ओळखीचे आत. त्या ओळखीच्यांत एकही विद्यार्थी ठेवला नाही. दोन दिवस रुसवेफुगवे झाले, मग मुलं विसरली.

दादाला फोन करून म्हटलं, “लिही आता काय हवं ते.”

“नक्की?”

“नक्की.”

तासाभरात त्याचा पाच ओळींचा निरोप आला. वहिनीने शिलाई मशीन घेतलं होतं.