मालकीणबाईंची गच्ची

"मीठ कमी हाय. पन ती सांगनार नाय, बग तू."

माझ्या पाठीमागे, गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आमच्या घरमालकीणबाई माझ्या रूम पार्टनरला, तन्वीला, हळूच सांगत होत्या. त्यांचं हळूच म्हणजे तळमजल्यापर्यंत ऐकू जाणारं. मी चटईवर बसून निवट्यांचं कालवण आणि तांदळाची भाकरी खात होते. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे बोटाएवढे मासे, हे मला त्याच दिवशी कळलं. कालवणात मीठ खरंच कमी होतं. जवळजवळ नव्हतंच. मी मान खाली घातली आणि ताट स्वच्छ केलं.

नवी मुंबईतल्या पावणे गावातल्या त्या घरात राहायला आल्यानंतरचा माझा तो पहिला रविवार. नवा भाडेकरू आला की त्याचं पहिलं जेवण मालकीणबाई मुद्दाम अळणी करायच्या, हे मला नंतर समजलं. ज्याने मीठ मागितलं, तो त्या क्षणापासून घरचा. तळमजल्यावरचा अमेय पहिल्याच घासाला "मावशी, मीठ विसरलात!" म्हणून ओरडला होता आणि जेवण संपायच्या आत त्याला गच्चीची किल्ली मिळाली होती. "आमच्या सासऱ्याचं मिठागर व्हतं," हात धुताना त्या मला म्हणाल्या. "मिठागरवाल्याच्या घरान मीठ मागाला लाजतंस?" मी हसले. तेव्हा बहुतेक प्रश्नांना माझं तेच उत्तर असायचं.

माझी अडचण अशी होती की शाळा इंग्रजी माध्यमाची, घर साताऱ्याचं, आणि मनात वाक्य तयार व्हायचं ते इंग्रजीत. ते मराठीत आणून, तपासून, बोलायला तोंड उघडावं तर विषय पुढे गेलेला असायचा. मग मी बोलायचा नादच सोडला आणि कॅमेरा घेतला. कॅमेरा डोळ्याला लावला की कोणी काही विचारत नाही, हा माझा अनुभव. मालकीणबाईंनी तो पहिल्या महिन्यातच खोटा पाडला.

त्यांच्या घरात रविवारची वाटणी ठरलेली होती. जेवण त्यांचं. वाईन तन्वीची, कारण नाशिककडे तिच्या मामांची द्राक्षबाग होती आणि ती गावाहून परतताना कपड्यांच्या घड्यांत दोन बाटल्या गुंडाळून आणायची. गाणी अमेयची; तो कार्यक्रमांना साउंड लावायचा, त्यामुळे त्याचा एक थोराड स्पीकर कायम गच्चीवर मुक्कामाला. आणि जेवण झाल्यावर माझ्या लॅपटॉपवर आठवड्याचे फोटो. प्रत्येकाने आपली गोष्ट आणायची आणि तिच्याविषयी बोलायचं. नुसतं "छान" म्हटलेलं मालकीणबाईंना चालत नसे. "छान तं शेजारीन पन म्हनते, न बघता," त्या म्हणायच्या. "कुठं लागलं ते सांग. जिभंला का घशाला?"

वाईन त्या स्टीलच्या पेल्यातून प्यायच्या. तन्वीने काचेचे नाजूक ग्लास आणले, तर त्यांनी ते कौतुकाने शोकेसमध्ये ठेवले आणि पुन्हा पेलाच घेतला. "काचंचा धरला की सगला जीव हातान जातो. मग चव कशी लागल?" पहिला घोट त्यांनी पन्नाशी उलटल्यावर घेतला होता, याच गच्चीवर. त्याचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता. "माजा नवरा पियाचा. बाटलीनं घर कसं मोडतं, येवढंच मना ठाव. बाटली मधे ठेवून मानसं हसतान, गप्पा मारतान, ह्ये तुमच्याकडं बगितलं." मग भाकरी उलटली आणि विषयही.

त्या काही सर्वज्ञ नव्हत्या. एकदा उरलेली रेड वाईन त्यांनी चिंचेऐवजी चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, रश्शात ओतली. रस्सा जांभळा झाला. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता जेवत होतो. त्यांनी स्वतः एक घास घेतला, थोडा वेळ चावला आणि जाहीर केलं, "टाकून द्या. चिंबोरीची पन माफी मागा." तन्वी हसून हसून चटईवर आडवी झाली.

गाण्यांत त्यांची आणि अमेयची कायम जुंपलेली. त्याने एकदा सॅक्सोफोनवरचं काहीतरी संथ लावलं. मालकीणबाई कान देऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सनईला सर्दी झालीय."

"मावशी, हे जगातले मोठे लोक ऐकतात."

"मंग त्यांना बी झाली आसल."

आणि उत्तरादाखल त्यांनी धवला म्हटला. आगरी लग्नात बायका विधी चालू असताना जे गातात, ते धवले. कोवळ्या वयापासून त्या मांडवात उभ्या राहून ते गात आल्या होत्या. आवाज जाड, थोडा फाटका, पण जागचा हलत नसे. अमेयने गुपचूप माइक लावला. पुढच्या रविवारी त्याने धवल्याच्या मागे तोच सॅक्सोफोन जोडून ऐकवला. त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "सर्दी बरी झाली."

माझी पाळी आली की मात्र मी अडायचे. त्या लॅपटॉपसमोर चष्मा लावून बसायच्या आणि प्रत्येक फोटोला एकच प्रश्न: "हा काडलास तवा काय चाललेलं?" मी म्हणायचे, "काही नाही, असंच." "आसंच काय नसतं, बाय. तुज्या डोल्यांना दिसतं सगलं. तोंडाला कुलूप कोनी लावलं?" त्या रागावत नसत. पुढच्या रविवारी तोच प्रश्न परत.

तो फोटो मी थंडीतल्या एका दुपारी काढला. जेवणं झाली होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या कवडशांची नक्षी त्यांच्या नऊवारीवर पडली होती. अमेयने ते धवल्याचं आणि सॅक्सोफोनचं रेकॉर्डिंग लावलं होतं. पेल्यात तन्वीच्या मामांकडची नवी रेड वाईन. मालकीणबाईंनी घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला छातीशी धरून तशाच बसून राहिल्या. कपाळावरची एकेक सुरकुती जणू कान देऊन ऐकत होती. मी एकदाच बटण दाबलं.

वाशीला महिला छायाचित्रकारांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तन्वीने मला न विचारता तो फोटो पाठवला आणि तो निवडला गेला. मी नको म्हणाले. मालकीणबाईंच्या मुलालाही ते पसंत नव्हतं; आईच्या हातात पेला, गावातले लोक काय म्हणतील. मालकीणबाईंनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला समोर बसवलं.

"फोटो लाव. मी लपवनार नाय. पन त्यात काय हाय, ते तू सांगाचंस. तू गप बसलीस तं दुसरा कोनतरी सांगल. मंग लोक मना एकतर बेवडी समजतील, नायतर बिचारी. मना दोन्ही नको."

मी होकाराची मान हलवली. "मान नको हलवू," त्या म्हणाल्या. "मान तं बैल पन हलवतो."

आता ते घर राहिलं नाही. तिथे मोठा टॉवर उभा राहतोय. मालकीणबाई उरणला लेकीकडे असतात, मी कामोठ्याला. आम्ही चौघं अजून भेटतो, जेवतो, भांडतो. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझं म्हणणं मी सांगते, मराठी अर्धी तयार असली तरी. याची सुरुवात कुठून झाली, असं कोणी विचारलं तर मी त्या प्रदर्शनाची सकाळ सांगते.

मालकीणबाई ठेवणीतली हिरवी नऊवारी, नाकात नथ आणि गुडघ्यांसाठी पांढरे स्पोर्ट्स शूज अशा आल्या होत्या. पाहुणे म्हणून एक नावाजलेले समीक्षक होते. एकेका फोटोसमोर थांबत, बोलत, ते माझ्या फोटोपाशी आले. मागे पन्नासेक माणसं. मालकीणबाई त्यांच्या मागेच, अगदी दोन हातांवर. तन्वीने माझं मनगट पकडलं.

"हे पाहा," समीक्षक म्हणाले. आवाज सुंदर होता, खोल. "हे मिटलेले डोळे पाहा. खाडी गेली, शेती गेली, माणसं गेली. उरलं काय? छातीशी धरलेला एक रिकामा पेला. ही या भूमीची वेदना आहे. एका थकलेल्या, एकाकी स्त्रीचं मूक रुदन."

कोणीतरी हळहळलं. एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मोबाइल वर झाले.

मी मालकीणबाईंकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या हसतील, नाहीतर एखादा टोला हाणतील. त्यांना ते काय कठीण होतं! पण त्या गप्प होत्या. पदर दोन्ही हातांनी धरून, परक्याच्या दारात उभं राहावं तशा. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघत होते. स्वतःच्याच फोटोसमोर त्या बिचाऱ्या झाल्या होत्या, आणि तसं करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"छायाचित्रकार आहेत का इथे?" समीक्षकांनी विचारलं. "काही बोलणार आपण? की फोटोच पुरेसा बोलतो?"

लोक हसले. सुटकेची वाट समोर उघडी होती. नुसतं मान डोलावून हसायचं होतं. इंग्रजीतलं वाक्य मनात तयार व्हायला लागलं. मी त्याची वाट पाहिली नाही. तन्वीच्या हातातून मनगट सोडवलं आणि एक पाऊल पुढे आले.

"सर, पेला रिकामा नाही. त्यात नाशिकची रेड वाईन आहे. या बाई रडत नाहीत, गाणं ऐकतायत, आणि त्यातला आवाज त्यांचा स्वतःचा आहे. चार जणांचं जेवण करून, वाढून, स्वतः पोटभर जेवून त्या निवांत बसल्यात. एकाकी तर अजिबात नाहीत, कारण आम्ही तिघं समोरच होतो. त्यांचं नाव हिराबाई. त्या माझ्या मैत्रीण आहेत. आणि सर, त्या तुमच्या मागेच उभ्या आहेत. त्यांनाच विचारा."