सूरमधली वरची खोली

मस्कतहून सूरला जाणारा रस्ता कुरियतनंतर समुद्राला धरून जातो. एका बाजूला उघडे तपकिरी डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये झाड जवळपास नाही. सूर हे ओमानचं जुनं बंदर. शिडाची जहाजं इथं बांधली जायची, त्यांचा साग मलबारहून यायचा आणि खजूर भरून ती मुंबईपर्यंत, तिकडे झांझिबारपर्यंत जायची. आगबोटी आल्यावर व्यापार ओसरला. आता प्रवासी येतात ते खाडीच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढायला. मलाही तेवढंच बघायचं होतं.

मस्कतच्या रुवी भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, आईलाही सूरला न्यायचंय, माझीच गाडी काढू. त्यांची आई गुहागरकडच्या गावाहून व्हिजिट व्हिसावर आली होती. या काकूंचे यजमान सूरच्या बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होते. मुलगा शाळेत जायच्या आधी ते इकडे आले आणि म्हातारपण आल्यावरच परतले. मधल्या काळात दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे. गेल्या वर्षी ते वारले. काकूंनी त्यांना दोनदा विचारलं होतं, मलाही न्या म्हणून. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळालं: तिथं बाईमाणसानं राहावं असं काही नाही, नुसते दगड आणि ऊन.

"ते खरं होतं का, एवढंच बघायचंय मला," काकूंनी गाडीत बसतानाच सांगितलं. "समुद्र काय, गावाला रोजच बघते."

"आणि खरं असलं तर?" मुलानं विचारलं.

"तर बरं वाटेल."

"नसलं तर?"

"तू पट्टा लाव. पोलीस धरेल."

डिसेंबर होता. सूरची खाडी अरुंद तोंडानं आत शिरते आणि मग पसरते. पलीकडे ऐजाची पांढरी घरं, टेकडीवर टेहळणीचे बुरूज, पाण्याच्या कडेला दीपस्तंभ. दोन्ही काठांना जोडणाऱ्या झुलत्या पुलावरून गाडी जाताना काकूंनी काच खाली केली.

"दगड आहेत बघ," मुलगा म्हणाला. "ऊनही आहे."

"वारा आहे," काकू म्हणाल्या.

कारखाना केव्हाच बंद झाला होता. त्याचे मालक, इथल्या बोलीत अर्बाब, ऐजात खाडीसमोरच्या घरात राहत होते. मुलानं आधी फोन केला होता. म्हातारे गृहस्थ दारात येऊन उभे होते. त्यांनी आम्हाला बैठकीत नेलं, खजूर पुढं केले आणि छोट्या कपांतून काहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, ओतला. कप संपला की ते पुन्हा भरत. पुरे असलं तर कप हलवून परत द्यायचा, ही इथली रीत. काकूंना ती ठाऊक नव्हती. ओतलेलं टाकायचं कसं म्हणून त्या संपवत होत्या आणि ते भरत होते. शेवटी मुलानं त्यांच्या हातातला कप काढून हलवला.

अर्बाबांची हिंदी चांगली होती. तरुणपणी ते काही काळ मुंबईत राहिले होते. काकूंच्या यजमानांचा उल्लेख ते फक्त "मेकॅनिक" असा करत.

मेकॅनिकची खोली याच घराच्या एका अंगाला, तळमजल्यावर होती. आता तिथं मासेमारीची जाळी ठेवली होती. खिडकी खाडीकडे उघडत होती. काकूंनी खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवला.

"इधर बैठते थे?"

"बाहर बैठता था. शाम को पत्ते खेलते थे सब. मेकॅनिक बहुत हँसाता था."

"बाबा?" मुलानं विचारलं.

"घरी पेपर वाचायचे," काकू म्हणाल्या.

मग अर्बाबांनी वर बोट दाखवलं. "ऊपर का कमरा खाली था. मैं कितना बार बोला, फॅमिली को लाओ, व्हिसा मैं करेगा. मेकॅनिक बोलता था, वो नहीं आएगी, गाँव छोड़के नहीं आएगी." त्यांच्या सुरात कौतुक होतं. घराला धरून राहणारी बाई, असं त्यांना म्हणायचं होतं.

काकू जाळ्यांच्या ढिगावरच बसल्या.

"आई, वय झालंय त्यांचं," मुलगा मराठीत, हळू बोलला. "दुसऱ्या कुणाचं सांगत असतील."

"दुसरा मेकॅनिक होता का इथं?"

"नव्हता."

"मग झालं." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "सासूबाईंना कोण बघणार, असं म्हणाले असते तरी ऐकलं असतं मी. ते तर खरंच होतं." त्यानंतर त्यांनी वरची खोली बघायला मागितली.

जिना बाहेरून होता आणि उभा होता. मुलानं दिलेला हात त्यांनी घेतला नाही. खोली पांढरी, भिंतींत कोनाडे, कोपऱ्यात नळ. काकूंनी नळ सोडला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. त्यांनी तो नीट बंद केला.

"मोरी इथं झाली असती. गॅस त्या खिडकीशी. कपडे गच्चीवर." त्या मुलाकडे वळल्या. "तुझी शाळा?"

"गावात इंडियन शाळा आहे."

"चालत?"

मुलानं खिडकीतून खाली विचारलं. बस असते, असं उत्तर आलं.

"म्हणजे जमलं असतं," काकू म्हणाल्या. मुलगा नळाकडे बघत होता.

खाली आल्यावर त्या अर्बाबांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा त्यांच्या वतीनं बोलायला लागला, तर त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"भाईसाब, उन्होंने आपको गलत बताया. मैं आनेवाली थी. मैंने दो बार पूछा. मना उन्होंने किया."

"मैं तो सबको यही बताया," अर्बाब म्हणाले. "पूरे मोहल्ले को. मेरी बीवी को भी."

"तो अब सबको ये बताओ."

त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मग तिथूनच घरात हाक मारली. दारात त्यांची पत्नी आली. ते तिच्याशी अरबीत बोलले. आम्हाला त्यातला "मेकॅनिक" एवढाच शब्द कळला. तिनं सगळं ऐकून घेतलं, काकूंकडे पाहिलं आणि एक प्रश्न विचारला.

"क्या बोलीं?" काकूंनी विचारलं.

"पूछती है, फिर क्यों नहीं लाया."

"उनको बोलो, मैं भी यही पूछ रही हूँ."

ते ऐकल्यावर ती बाई पुढं आली. तिनं काकूंचा हात धरला आणि त्यांना आतल्या बायकांच्या खोलीत घेऊन गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी आतून बोलण्याचा आवाज येत राहिला, मुख्यतः काकूंचाच. अर्बाबांनी आमच्यासाठी पुन्हा काहवा मागवला. मुलानं मस्कतला घरी फोन करून सांगितलं की जेवायला वाट बघू नका.